नान्नजचं माळढोक अभयारण्य: थांबा पाठ होता, माळ माहीत नव्हता

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. त्यातली अकरा वर्षं सोलापूर–बार्शी मार्गावर गेली. नान्नज, वडाळा, वैराग, बार्शी आणि परत तेच उलटं. नान्नजच्या थांब्यावर किती वेळा डबल बेल दिली असेल, त्याची गणती नाही. पण तिथल्या माळढोक अभयारण्यात पाय ठेवला तो निवृत्त झाल्यावर, या हिवाळ्यात, नातीच्या हट्टामुळं. ती सहावीत आहे. शाळेत तिला आपल्या जिल्ह्यातल्या वन्यजीवांवर लिहून आणायला सांगितलं होतं. घरी येऊन तिनं मलाच विचारलं, "आबा, तुम्ही तर त्याच रस्त्यानं रोज जायचात. माळढोक बघितलाय का?"

बघितलाय. एकदाच. १९९१ चा श्रावण होता. बार्शीहून सकाळी निघालेली आमची गाडी नान्नजच्या अलीकडं आली आणि ड्रायव्हरनं वेग कमी केला. रस्त्यापासून पन्नास-साठ पावलांवर, पावसानं नुकत्या हिरव्या झालेल्या माळावर एक भलामोठा पक्षी चालत होता. मान पांढरी आणि उंच, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. चाल अशी, की गावचा पाटील बांधावरून शेत बघत निघालाय. मी तिकिटांचा ट्रे मांडीवर घेऊन बघतच राहिलो. मागच्या सीटवर पटका बांधलेले एक म्हातारे शेतकरी होते. ते म्हणाले, "माळढोक हाय त्यो. नर हाय." पक्षी थोडा पळाला, मग जड पंख मारत उठला आणि दूर जाऊन उतरला. एवढंच. गाडी पुढं गेली, मी पुढची तिकिटं फाडली. त्यानंतर किती वर्षं त्याच रस्त्यावरून गेलो, पण खिडकीतून बाहेर बघायचं राहूनच गेलं.

हे ऐकल्यावर नात गप्प बसणार नव्हती.

आधी आमची चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीत भाड्याची गाडी करून गेलो. निघेनिघेपर्यंत दहा वाजले. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. गाडीवाल्याची गाणी मोठ्यानं चालू, तो मध्येच हॉर्न देणार. दोन तासांत दिसल्या त्या टिटव्या आणि लांबवर उडालेली धूळ. नात हिरमुसली. मलाही वाटलं, एवढ्या नावाजलेल्या ठिकाणी काहीच कसं नाही? घरी आल्यावर मुलानं एका ओळखीच्या पक्षीनिरीक्षकाला फोन लावून दिला. ते एकच म्हणाले: "काका, माळावर सूर्याच्या आधी पोचायचं असतं."

म्हणून दुसऱ्या खेपेला डिसेंबरात पहाटेच्या बार्शी गाडीनं निघालो. एक फुल, एक हाफ. सोलापूरपासून नान्नज वीस-बावीस किलोमीटर, फार वेळ लागत नाही. वाटाड्या आधीच ठरवला होता, तो फाट्यावर रिक्षा घेऊन उभा होता. पंचविशीतला पोरगा, नान्नजकडचाच, बाप मेंढरं राखायचा. त्याची नजर मी कधी विसरणार नाही. आम्हाला जिथं नुसतं गवत दिसायचं, तिथं त्याला काय काय दिसायचं. पण त्याला पहिल्यांदा दिसला तो नातीचा लालभडक स्वेटर. म्हणाला, "आबा, ह्ये लई लांबनं दिसतंय बगा. काय तरी घाला की वरनं." माझ्या पिशवीत थंडीसाठी घेतलेला जुना खाकी शर्ट होता, ड्युटीवरचा. तोच तिला स्वेटरवरून घातला, बाह्या चार घड्या दुमडून. दिवसभर ती त्याच शर्टात होती.

तांबडं फुटत होतं तेव्हा आम्ही गवतात उभे होतो. कुसळी आणि पवन्या वाळून सोनेरी झालेलं, त्यावर दव. पायाखाली मुरूम. आमच्या भागात पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, माती वीतभर, खाली मुरूम नाहीतर कातळ. अशा जमिनीवर घनदाट जंगल होतच नसतं, गवतच होतं. हे मला वाटाड्यानं सांगितलं. मला आपलं वाटायचं, जंगल म्हणजे झाडी. ताडोबाला जाऊन आलेले लोक मोठमोठ्या सागांचे फोटो दाखवतात, त्यामुळं डोळ्याला तसलीच सवय. नान्नजला तसं काही शोधायला जाल तर फाटकाजवळच मन मोडेल. इथं नजर सरळ क्षितिजापर्यंत जाते आणि मध्ये आडवं काही नसतं. नसावंच लागतं, ते का ते पुढं सांगतो.

पहिल्यांदा दिसली काळवीटं. आधी नुसती शिंगं दिसली, गवताच्या वर, पिळाची. मग नर उभा राहिला. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं. त्याच्या मागं माद्या आणि पिल्लं, ती तांबूस. वाटाड्यानं एका जागी वाळक्या लेंड्यांचा ढीग दाखवला. नर त्याच जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो, ही त्याची हद्द, दुसऱ्यानं इकडं यायचं नाही. नातीनं मोजली, त्रेचाळीस भरली. तेवढ्यात कळपाला कसला तरी वास आला आणि सगळी उधळली. पळताना मध्येच उंच उड्या मारतात, चारही पाय एकदम वर. कंबरेच्या उंचीचं गवत खाली राहतं आणि जनावर हवेत. नात श्वास धरून बघत होती. मी तिच्याकडं बघत होतो.

मग बराच वेळ काही नाही. माळावर हा बराच वेळ असतो, तो धरून जा. मनोऱ्यावर बसायचं, बोलायचं नाही. मी दुर्बीण आणली होती, मुलाची, आठ बाय बेचाळीस. ती नसती तर अर्धी गंमत गेली असती. घरात नसेल तर मागून आणा, पण तिच्याशिवाय जाऊ नका. दुर्बिणीतून भोवत्या दिसले. घारीपेक्षा सडपातळ शिकारी पक्षी, गवताच्या टोकांवरून इतके खालून उडतात की पोट घासतंय असं वाटतं. हे हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतात. रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर झोपतात आणि दिवसभर नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी टिपतात. हजारो किलोमीटर उडून कुणी आपल्या उत्तर सोलापूर तालुक्यात नाकतोडे खायला येतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

धाविक पाहिला. तो मला फार आवडला. विटकरी रंगाचा, डोळ्यावरून काळी-पांढरी रेघ, काटक्यांसारखे पाय. थोडं पळतो, एकदम थांबतो, वाकून काहीतरी उचलतो, परत पळतो. थांबला की ढेकळांत दिसेनासा होतो. माळटिटवी पाहिली, डोळ्यापुढं पिवळी पाळी असलेली. आपली नेहमीची टिटवी वेगळी, तिची लाल. चंडोल वर जाऊन एका जागी फडफडत गात होता. आणि एका बोरीच्या जाळीजवळ खोकड, बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेलं. शेपटीचं टोक काळं. आमच्याकडं बघितलं, जांभई दिली, आत गेलं.

ओढ्याच्या वाळूत वाटाड्या खाली बसला. पंजाचे ठसे होते. मला ते कुत्र्याचे वाटले. तो म्हणाला, "नाय आबा, कुत्रं असं सरळ जात नाय. ते हिकडं हुंगतंय, तिकडं पळतंय. ह्यो बगा कसा दोरी धरल्यागत गेलाय." लांडगा. रात्री गेला असावा. पुढं त्याची विष्ठा सापडली, वाळलेली, केसांनी भरलेली. पोरगा धनगराचा, त्याच्या घरची मेंढरं लांडग्यानं किती वेळा नेलेली. तरी त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याचा आजा म्हणायचा, लांडगा कळपातलं त्याचं घेतो आणि जातो. प्रत्यक्ष लांडगा दिसला नाही. पण ती सरळ रेघ वाळूत बघितली, मला तेवढं पुरलं.

आता माळढोक. दिसला नाही. कुणी तुम्हाला "हमखास दाखवतो" म्हणालं तर त्याच्याबरोबर जाऊ नका. सगळ्या देशात मिळून हे पक्षी दीडशेच्या आत उरलेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडं. नान्नजला अलीकडं एखादा दिसला तरी बातमी होते. हे अभयारण्य १९७९ मध्ये झालं. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षीमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांचा पाठपुरावा केला, म्हणून या माळाकडं जगाचं लक्ष गेलं. मी ज्या वर्षी तो नर पाहिला, त्या वर्षी तो इतका दुर्मीळ आहे हे गाडीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

का संपले, हे मी त्या पोराला विचारत राहिलो आणि त्यानं सांगितलेलं मनातून जात नाही. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं नाही काही नाही. कोल्हा, कुत्रं, कावळा, चरणाऱ्या गुराचा खूर, कशानंही ते जातं. पक्षी दहा-पंधरा किलोपर्यंत वजनाचा. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड फार थोडे. एवढं वजन घेऊन त्याला हवेत चटकन वळता येत नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं कमी दिसतं. त्यामुळं विजेच्या तारा शेवटच्या क्षणी दिसतात. राजस्थानात आज तारा हीच त्यांच्या मरणाची मोठी वाट आहे.

आणि झाडं. इथं मला खरंच हलल्यासारखं झालं. माळावर मध्ये मध्ये गिरिपुष्पाच्या रांगा दिसतात, लावलेल्या. माळढोकाला लांबवर दिसावं लागतं, शत्रू कुठून येतोय ते कळावं लागतं. नराला श्रावणात गळ्याची पिशवी फुगवून साद घालायला उघडी जागा लागते, म्हणजे माद्यांना तो लांबून दिसतो आणि ऐकू येतो. माळावर झाडं लावली की त्याचं घर मोडतं. मी स्वतः नोकरीत असताना एका वृक्षारोपणाला गेलो होतो, अशाच एका उजाड माळावर, खड्डे खणून रोपं लावली होती. केवढं समाधान वाटलं होतं तेव्हा. आपल्याकडं महसुली भाषेतच अशा जमिनीला पडीक म्हणतात. गायरान, पडीक, माळरान, तिन्ही एकाच सुरात. तिथं कुणी राहतं हे लक्षात येत नाही. मीही गाडीत नव्या प्रवाशाला सांगायचो, "नान्नज सोडलं की वडाळ्यापर्यंत काही नाही, झोपा निवांत."

एक गोष्ट मात्र शेतकऱ्यांच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे, कारण ती मी गाडीत रोज ऐकली आहे. १९७९ ला अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर जिल्हा मिळून. त्यात माणसांची गावंच्या गावं, बागायती रानं, बाजाराची ठिकाणं आली. पोरीच्या लग्नाला दोन एकर विकायचे तर अडचण, विहिरीला अडचण, रस्त्याला अडचण. तहसीलला खेटे घालून आलेली माणसं माझ्या गाडीत बसायची आणि माळढोकाच्या नावानं बोटं मोडायची. पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पक्ष्याबद्दल गावात जो राग होता तो पक्ष्यावर नव्हता, कागदावर होता, असं मला वाटतं. त्या सकाळी आम्हाला हौसेनं धाविक दाखवणारा पोरगा त्याच गावांतला.

परत येताना द्राक्षबागा लागतात. नान्नजचं दुसरं नाव त्यात आहे. सोनाका ही लांबट मण्यांची द्राक्षं तुम्ही खाल्ली असतील. ती जात नान्नजच्या काळे कुटुंबानं काढली आणि सोलापूर, नान्नज, काळे यांची पहिली अक्षरं जोडून तिचं नाव पडलं. एका गावानं देशाला द्राक्षाची जात द्यावी आणि त्याच गावाचं नाव एका पक्ष्यामुळं जगाच्या नकाशावर जावं, याचा मला सोलापूरकर म्हणून अभिमान आहे. बोअरवेल आल्या तशा बागा वाढल्या, ऊस वाढला, माळ मागं सरला, हेही त्याच रस्त्यानं दिसतं. पूर्वी रब्बीची ज्वारी असायची लांबच लांब. त्या रानांत माळढोक खुशाल फिरायचा, नाकतोडे टिपायचा, त्याला ज्वारीची अडचण नव्हती.

जाणाऱ्यांसाठी थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, भोवत्या तेव्हाच असतात. पावसाळ्यात माळ हिरवा होतो आणि माळढोक असलाच तर त्याचे विणीचे दिवस तेच, पण तेव्हा तर जास्तच लांब राहायचं. प्रवेशाची वेळ आणि दर वनखात्याकडं आधी विचारून घ्या, ते बदलतात. स्थानिक वाटाड्या घ्याच. आमचा दोघांचा सगळा खर्च, बस, रिक्षा, प्रवेश, वाटाड्याला खुशीनं दिलेले धरून, हजाराच्या आत बसला. पाणी आणि डबा घरून न्या. आम्ही कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा नेला होता. जुनी सोलापुरी चादर अंथरून रिक्षाजवळच बसून खाल्लं, माळावर एक कागद टाकला नाही. कपडे मातकट रंगाचे घाला. अत्तर नको. बंद बूट घाला, कुसळं पायजम्यातून आत शिरतात आणि घरी आल्यावर तासभर काढत बसावं लागतं.

आणि कृपा करून जनावराच्या मागं धावू नका. आम्ही असताना एक टोळकं मोठे कॅमेरे घेऊन आलं होतं. वाटेवरून उतरून ते काळविटांच्या मागं गेले, चांगला फोटो मिळावा म्हणून कळप तीन वेळा पळवला. वाटाड्यानं हाका मारून त्यांना परत बोलावलं. पण तोपर्यंत एक छोटं पिल्लू कळपापासून तुटलं होतं. मादी परत येऊन त्याला घेऊन गेली तेव्हा आम्ही तिघांनीही मोकळा श्वास सोडला. ज्या गवतात कुणीतरी अंडं उघड्यावर ठेवतं, त्या गवतात आपला एक पाय चुकीचा पडला तर काय होईल, एवढा विचार करावा.

माझ्या नातीनं विचारलं, मग माळढोक बघायला राजस्थानात जायचं का. जैसलमेरकडं सम या गावी अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र आहे, तिथं पिल्लं वाढताहेत, एवढं मला माहीत होतं, ते सांगितलं. ती म्हणाली, "मग मोठी झाली की इकडं आणतील का?" वाटाडा म्हणाला, "आणायची असली तर आधी गवत राखाया पायजे, ताई." अकरा वर्षांच्या पोरीला तो ताई म्हणाला. तिनंही मान हलवली, मोठ्या माणसासारखी.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला नान्नजच्या थांब्यावर सोलापूरची गाडी मिळाली. एक फुल, एक हाफ. कंडक्टर तरुण होता, यंत्रातून तिकीट काढून दिलं. नातीच्या अंगावरच्या खाकी शर्टाकडं बघून हसला. तिला खिडकी दिली. गाव सुटेपर्यंत ती दुर्बीण लावून बसली होती, मग अंधार झाला तशी वही काढून दिवसभरात दिसलेल्यांची यादी लिहायला लागली. काळवीट त्रेचाळीस, खोकड एक, धाविक दोन, भोवत्या पाच, माळटिटवी, चंडोल, खाटीक पक्षी, कापशी घार. लांडगा लिहून कंसात 'पायाचे ठसे' लिहिलं. सगळ्यात खाली थोडी जागा सोडून तिनं मला पुन्हा साल विचारलं आणि लिहिलं: माळढोक, नर, एक. आबांनी पाहिला, श्रावण १९९१, बार्शी–सोलापूर गाडीतून.